कौल आणि कारण

गोव्यातील व कोकणातील देवळांत कौल घेण्याची रीत आमच्या वाचकांना सांगावयास नको. देवाला पाकळ्या लावाव्यात, गाऱ्हाणे घालावे, आणि उजवी पाकळी आधी सुटते की डावी, याकडे सर्वांनी डोळे लावून बसावे. उजवी सुटली तर कार्य करावयाचे, डावी सुटली तर थांबावयाचे. अमुकच पाकळी का सुटली, असा प्रश्न तेथे कोणी करीत नाही. कारण आपल्या निर्णयाची कारणे सांगण्यास देव बांधलेला नाही. माणसाची गोष्ट निराळी. न्यायासनावरील माणूस निर्णय देतो तेव्हा त्याने कोणता पुरावा ग्राह्य धरला, कोणता नाकारला व का नाकारला, हे त्याने लिहून द्यावे अशी आपली अपेक्षा असते. आणि ज्या निकालपत्रात कारणेच नाहीत ते अपिलात टिकणे कठीण जाते.

चित्रपटांविषयी मते देणारे समीक्षक या दोहोंपैकी कोणत्या आसनावर बसले आहेत, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. चित्रपट पाहावयास निघालेला गृहस्थ आधी मोबाइलवर तारका मोजतो; पाचांपैकी दोन दिसल्या की घरी थांबतो, चार दिसल्या की तिकीट काढतो. ही पाकळीच झाली. उलटपक्षी, एखाद्या भक्तिपटात कोणी उणे काढले की लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष देवालाच उणे लेखले असे समजून दुसरा गृहस्थ खवळतो. पहिला समीक्षकाला देव मानतो, दुसरा देवद्रोही मानतो; आणि समीक्षकाने कारण काय दिले आहे, हे दोघेही वाचीत नाहीत. समीक्षकाच्या मताची किंमत त्याच्या निष्कर्षात नसून त्याने दिलेल्या कारणांत आहे, असे आमचे म्हणणे आहे, आणि काही प्रसिद्ध चित्रपटांच्या आधारे ते येथे मांडावयाचे आहे.

प्रथम आकड्यांचा विचार करू. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर प्रत्येक चित्रपटापुढे एक टक्केवारी दिलेली असते. नव्वद टक्के म्हणजे शंभरांपैकी नव्वद गुण, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की शंभर समीक्षकांपैकी नव्वदांचे मत अनुकूल पडले. ते मत उत्कट होते की जेमतेम, याची खूण त्या आकड्यात उरत नाही. त्यामुळे ज्या चित्रपटाला सर्वांनी ‘बरा आहे’ म्हणून सोडून दिले तो शंभरावर पोहोचतो, आणि ज्याला साठ जणांनी थोर म्हटले व चाळीस जणांनी असह्य म्हटले तो साठावर अडकतो. हेच गणित आमच्या व्यवसायास लावून पाहावे. केशवानंद भारती खटल्याचा १९७३ सालचा निकाल सात विरुद्ध सहा अशा मतांनी लागला. टक्केवारीने पाहिले तर जेमतेम चोपन्न! पण राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचे रक्षण आजवर त्याच निकालाच्या बळावर होत आले आहे. आणीबाणीतील जबलपूर प्रकरणात, १९७६ साली, पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हंसराज खन्ना यांनी भिन्न मत दिले. टक्केवारीत ते वीस होते. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताचा तो जुना निकाल चुकीचा ठरविला. खन्नांचे मत तगले ते त्यांनी लिहून ठेवलेल्या कारणांमुळे. केवळ ‘असहमत’ एवढा शेरा मारून ते उठले असते, तर चाळीस वर्षांनंतर कोणाला त्यांचा आधार घेता आला नसता.

समीक्षकांच्या न्यायपीठाचेही असेच आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणते, असे विचारीत आले आहे. १९५२ साली पहिला मान डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ला मिळाला, तेव्हा तो चित्रपट अवघा चार वर्षांचा होता. त्या यादीतील पहिल्या दहांत ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ नव्हता. पुढे १९६२ पासून २००२ पर्यंतच्या पाचही कौलांत तोच पहिला आला. २०१२ साली हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली ओढले, आणि २०२२ साली शांताल आकेर्मान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या ‘जान डीलमान’ने सर्वांना मागे टाकले.

यावर कोणी थट्टेने म्हणेल, दर दहा-वीस वर्षांनी ज्यांचा देव बदलतो त्यांच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा? पण चित्रपट होते तसेच राहिले. बदलले ते पीठ. १९५२ साली या कौलात शंभरही समीक्षक नव्हते. २०२२ साली सोळाशेंहून अधिक होते, आणि त्यांत निरनिराळ्या देशांचे, वयांचे व अभिरुचीचे लोक आले. पीठ विस्तारले म्हणजे पूर्वी न ऐकलेले साक्षीदार पुढे येतात. अशा यादीला अंतिम हुकूमनामा समजणाऱ्याची निराशा होईल. चालू असलेल्या सुनावणीची ती रोजनिशी आहे असे मानणाऱ्याला तीत शिकण्यासारखे पुष्कळ सापडेल.

आता एका सकारण पण, आमच्या मते, चुकलेल्या मताकडे वळू. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ साली आला. १९५६ साली कान येथील महोत्सवात मानवी जीवनाचा उत्कृष्ट दस्तऐवज म्हणून त्याला खास पारितोषिक मिळाले. १९५८ साली तो न्यूयॉर्कला लागला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ख्यातनाम समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी त्यातील करुणेची दखल घेतली, परंतु त्याची बांधणी इतकी सैल व गती इतकी मंद आहे की हॉलीवूडच्या संकलकांकडे तो कच्ची जुळणी म्हणूनही क्वचितच खपला असता, अशा आशयाचा शेराही मारला. या मतावर आपल्याकडे आजही लोक रागावतात. आम्हांस मात्र क्राउदर यांचे आभार मानावेसे वाटतात, कारण त्यांनी मोजपट्टी लपवून ठेवली नाही. हॉलीवूडच्या वेगाने आपण मोजीत आहोत, हे त्यांनी उघड सांगितले. त्यामुळे उत्तर देणाऱ्याचे काम सोपे झाले. निश्चिंदिपुरातील हरिहराच्या घरी काळ तसाच सरकतो. म्हातारी इंदिर ठाकरुण भिंतीच्या आधाराने बसते, दुर्गा पेरू चोरते, मिठाईवाल्याच्या मागे भावंडे धावतात. आणि हे सर्व आपण सावकाश पाहिलेले असते म्हणूनच पावसात भिजलेल्या दुर्गेचा मृत्यू आपल्या घरचा होतो. जेथे गरिबीने काळच थांबवून ठेवला आहे तेथील चित्र भरधाव काढले, तर तीच खोटी साक्ष ठरेल. क्राउदर यांनी आक्षेप इतक्या नेमक्या शब्दांत मांडला नसता, तर आपल्यालाही हे इतके नेमके सुचले नसते.

मंद गतीचा हा आक्षेप अनेक चित्रपटांवर येऊन गेला आहे. १९६० साली कान येथे अँतोनिओनीचा ‘लाव्हेंतुरा’ दाखविला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. दुसऱ्याच दिवशी काही कलावंत व समीक्षकांनी त्याच्या समर्थनाचे निवेदन काढले, परीक्षकांनी त्याला पारितोषिक दिले, आणि दोन वर्षांनी ‘साइट अँड साउंड’च्या यादीत तो दुसरा आला. वर उल्लेखिलेल्या ‘जान डीलमान’मध्ये एक विधवा गृहिणी तीन दिवस घरकाम करते, बटाटे सोलणे, भांडी घासणे हे सारे सुमारे तीन तास वीस मिनिटांच्या त्या चित्रपटात जवळजवळ पूर्ण वेळ घेऊन दाखविले आहे. हा चित्रपट कंटाळवाणा वाटला असे कोणी म्हटले तर त्याला अडाणी ठरविण्याचे कारण नाही. पण चांगला समीक्षक त्याला विचारील: तुमच्या घरातील स्त्रीचे हेच काम तुम्ही कधी सलग पाहिले होते काय? पाहिले नसेल, तर तुम्हांला आलेला कंटाळा हाच त्या चित्रपटाचा पुरावा आहे.

आमच्या व्यवसायाशी ज्याचा निकटचा संबंध आहे असे मराठी उदाहरण म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिस येथे तो गौरविला गेला आणि त्या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. आपल्याकडील पुष्कळ प्रेक्षकांनी मात्र ‘काही घडतच नाही’ अशी तक्रार केली. एका शाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा त्यात आरोप आहे. कॅमेरा न्यायालयात एका जागी स्थिर बसतो. साक्ष होते, युक्तिवाद होतो आणि तारीख पडते. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. न्यायाधीश सुटीत कुटुंबासह सहलीला जातात. ज्यांनी कनिष्ठ न्यायालयांत वर्षे घालविली आहेत ते सांगतील की तेथे मनुष्याला आरोपापेक्षा तारखाच अधिक शिक्षा करतात, आणि ती शिक्षा देणारी माणसे दुष्ट नसून तुमच्या-आमच्यासारखी घरंदाज असतात. ही गोष्ट वेगवान कथानकात सांगताच येत नाही. तरीही चित्रपटावर आमचा एक आक्षेप आहे. शेवटी डुलकी लागलेल्या न्यायाधीशाला मुले दचकवितात आणि तो एका लेकराला थप्पड मारतो. जे दोन तास न बोलता सांगितले तेच येथे बोट दाखवून सांगितल्यासारखे होते. स्थिर कॅमेऱ्याने प्रेक्षकावर जो विश्वास टाकला होता तो त्या क्षणी काढून घेतला, असे आमचे मत आहे. वाचकांनी चित्रपट पाहून ते खुशाल खोडून काढावे.

मत खोडून काढण्याचे काम कधी कधी समीक्षक स्वतःच करतो. १९६७ साली ‘बॉनी अँड क्लाइड’ हा अमेरिकन चित्रपट आला. क्राउदर यांनी त्यातील हिंसेवर पुनःपुन्हा कडक टीका केली. पॉलिन केल या विदुषीने ‘न्यूयॉर्कर’मध्ये प्रदीर्घ लेख लिहून त्याची बाजू मांडली. ‘न्यूजवीक’चे जो मॉर्गनस्टर्न यांनी प्रथम त्याची निर्भर्त्सना केली, मग प्रेक्षकांत बसून तो पुन्हा पाहिला आणि पुढच्या अंकात आपले पहिले परीक्षण चुकले होते असे छापून टाकले. दिवाणी कायद्यात याला पुनर्विलोकन म्हणतात: ज्याने निर्णय दिला त्यानेच, सबळ कारण दिसल्यास, तो पुन्हा तपासावयाचा. मॉर्गनस्टर्न यांची प्रतिष्ठा त्यामुळे घटली नाही. मात्र असे पुनर्विलोकन शक्य होण्यास पहिल्या निर्णयात कारणे असावी लागतात. अडीच तारकांचे पुनर्विलोकन कसे करणार? फार तर तीन करता येतील.

आता अधिक नाजूक भागाकडे येतो. ‘जान डीलमान’ ज्या १९७५ साली तयार झाला त्याच साली आपल्याकडे ‘शोले’ आणि ‘जय संतोषी माँ’ हे दोन चित्रपट आले. ‘शोले’विषयी आरंभीची काही परीक्षणे बरीच प्रतिकूल होती, फिल्मफेअरचे त्याला मिळालेले एकमेव पारितोषिक संकलनाबद्दल मा. स. शिंदे यांना मिळाले. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो पाच वर्षे चालला, हे सर्वश्रुत आहे. ‘जय संतोषी माँ’ हा त्या मानाने अगदी अल्प खर्चाचा, साध्या युक्त्यांचा पौराणिक बोलपट. शिष्ट समीक्षकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. लोकांनी मात्र चित्रगृहाचे देऊळ केले. चपला बाहेर काढल्या, पडद्यावर फुले व नाणी उधळली, आणि शुक्रवारचे व्रत घरोघर पोहोचले.

येथे समीक्षकांचा दोष कोणता? त्यांनी चित्रपटाला सामान्य म्हटले हा दोष नव्हे. त्याची नेपथ्यरचना व चमत्कारदृश्ये सामान्यच आहेत, आणि तसे म्हटल्याने संतोषीमातेच्या भक्तांचा उपमर्द होत नाही. दोष हा की समोर घडत असलेली एवढी मोठी गोष्ट तपासण्याजोगी आहे, असे त्यांना वाटले नाही. सासुरवासात गांजलेली धाकटी सून आणि तिच्यासाठी धावून येणारी, थोर देवतांकडून स्वतःही परीक्षा घेतली गेलेली नवी देवता, या जोडीत लक्षावधी स्त्रियांनी स्वतःला पाहिले. पुढे १९८० च्या सुमारास वीणा दास या समाजशास्त्रज्ञ विदुषींनी या चित्रपटाच्या अर्थाची गंभीर चिकित्सा केली. समीक्षकांनी सुनावणीशिवाय काढून टाकलेला दावा अशा रीतीने पुन्हा पटावर आला. साक्षीदार अशिक्षित आहे म्हणून त्याची साक्षच न नोंदविणे, हे न्यायालयात चालत नाही. समीक्षेतही चालू नये.

भक्तिपटाची समीक्षा कशी असावी, याचा आदर्श प्रभातच्या ‘संत तुकाराम’वर झालेल्या लेखनात सापडतो. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६ सालचा बोलपट मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. म्हणजे येथे भाविक व परीक्षक या दोघांचाही कौल उजवा पडला. तेवढ्यावर न थांबता ‘मायादर्पण’चे दिग्दर्शक कुमार शहानी यांनी प्रभातच्या संतपटांचा आदराने अभ्यास केला, कलासमीक्षक गीता कपूर यांनी ‘संत तुकाराम’ आणि राय यांचा १९६० सालचा ‘देवी’ हे दोन चित्रपट एकत्र ठेवून पाहिले. ही जोडी विचार करण्यासारखी आहे. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पडद्यावरून सरळ आपल्याकडे पाहतात, आणि गौरीबाईंची जिजाई चप्पल हाती घेऊन पांडुरंगाला जाब विचारावयास देवळात शिरते. भक्ती आणि भांडण एकाच घरात नांदते. म्हणून तेथील चमत्कारही घरचा वाटतो. ‘देवी’त सासऱ्याला पडलेल्या स्वप्नावरून सुनेला मखरात बसवितात. एक आजारी मूल बरे होते, म्हणून श्रद्धा पक्की होते. मग घरचेच मूल औषधाविना जाते, आणि त्या मुलीचे मन ढासळते. तुकोबांची भक्ती माणसाला मोकळे करते. कालीकिंकराची भक्ती जिवंत मुलीची मूर्ती करते. दुसरा चित्रपट श्रद्धेविरुद्ध आहे असे म्हणणाऱ्याने पहिला नीट पाहिलेला नाही, असे आम्हांस वाटते. खऱ्या भक्तीला ‘देवी’पासून भय नाही.

याच ‘संत तुकाराम’ची एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद लोकांना इतके भावले की ते तुकोबांचाच अभंग म्हणून सर्वत्र गाइले जाऊ लागले. कवीची याहून मोठी स्तुती ती कोणती? पण ते पद आठवल्यांचे आहे, हे सांगणे समीक्षकाचे कर्तव्यच आहे. ते सांगितल्याने तुकोबांचा मान तसूभरही कमी होत नाही, आणि भजनात ते गाणाऱ्याचा आनंदही हिरावला जात नाही. देव, संत आणि त्यांच्यावरचा चित्रपट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोहोंना नमस्कार करून तिसरीला प्रश्न विचारता येतात.

कायद्यानेही हा भेद फार पूर्वीच मान्य केला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत बदनामीच्या कलम ४९९ ला जे अपवाद होते त्यांतील सहावा नेमका याविषयी होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही तो कायम आहे. कर्त्याने जी कृती लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवली, तिच्या गुणदोषांविषयी, किंवा त्या कृतीत दिसेल तेवढ्यापुरते कर्त्याविषयी, सद्भावनेने दिलेले मत ही बदनामी नव्हे, असा त्याचा भाव आहे. पण त्याची मर्यादाही तेथेच स्पष्ट केली आहे. पुस्तक मूर्खपणाचे आहे, सबब लिहिणारा दुबळ्या बुद्धीचा असावा, असे म्हणता येते, कारण ते मत पुस्तकावर आधारलेले आहे. लिहिणारा मुळात दुराचारी, मग पुस्तक असेच असावयाचे, असे म्हटले की संरक्षण संपले, कारण हे मत पुस्तकातून निघालेले नाही. समीक्षेची याहून नेटकी व्याख्या आम्हांस साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच आढळली. पुरावा कृतीतला हवा, आणि बुद्धी साफ हवी. दिग्दर्शकाची जात, धर्म वा पक्ष पाहून चित्रपटाला उचलणारे आणि आपटणारे, हे दोन्ही प्रकारचे लेखक या कसोटीस उतरत नाहीत. मग ते आपल्या बाजूचे असोत की विरुद्ध.

२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरत आला आहे. ज्या चित्रपटांची नावे पूर्वी केवळ वाचनात येत ते पणजीत पाहावयास मिळू लागले. तथापि मराठी-कोंकणी पत्रांतील परीक्षणे पुष्कळ वेळा अर्धा स्तंभ कथानक आणि चार ओळी अभिनंदन यांवरच संपतात; आपल्या गावच्या मुलाने काढलेला चित्रपट असला की तेवढेही परीक्षण उरत नाही, सत्कार होतो. हे प्रेम आम्ही समजू शकतो. पण लहान भाषांच्या कलावंतांना सत्काराची उणीव नाही. त्यांचे काम बारकाईने पाहून, कोठे जमले व कोठे फसले हे सकारण सांगणाऱ्या माणसांची उणीव आहे. तो माणूस चुकला तरी चालेल. क्राउदर चुकले तरी त्यांच्या कारणांमुळे ‘पथेर पांचाली’ आपल्याला अधिक कळला.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे की एखाद्या चित्रपटाविषयी मत वाचाल तेव्हा तारका सोडून द्या आणि ‘कारण’ या शब्दाच्या पुढे काय लिहिले आहे ते पाहा. तेथे चित्रपटातील एखादे दृश्य, एखादा संवाद, एखादी नजर पुराव्यादाखल दिली असेल, तर ते मत तुमच्या मताविरुद्ध असले तरी जपून ठेवा. काहीच दिले नसेल, तर ते तुमच्या बाजूचे असले तरी त्याचा उपयोग नाही. पाकळीवर विसंबण्याचा अधिकार देवळात आहे. चित्रगृहाच्या दारात आपण आपली बुद्धी चालविलेली देवालाही आवडेल.